पाणथळ जागेतला माल आणि पोत्यावरचे नाव

अत्तार व काष्ठौषधी व्यापाऱ्यांसाठी : ओल्या जमिनीतील देशी वनस्पती कशा ओळखाव्यात?

आमच्या परिचयाचे एक अत्तार आहेत. तीन पिढ्यांची अत्तारी. दुकान लहान, पण हकीम आणि वैद्य दोघेही त्यांच्याकडे विश्वासाने चिठ्ठी पाठवतात. गेल्या वर्षी त्यांना केसांचे तेल बनवणाऱ्या एका कारखान्याकडून ब्राह्मीची मागणी आली. त्यांनी नेहमीच्या गोळा करणाऱ्याकडून सुकी ब्राह्मी घेतली, पोती भरली, रवाना केली. दहा दिवसांत माल परत आला. सोबत प्रयोगशाळेचा कागद होता. माल ब्राह्मी नाही, मंडूकपर्णी आहे, असे त्यात लिहिले होते. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले आणि पुढची मागणीही गेली.

त्यांनी गोळा करणाऱ्याला जाब विचारला. तो म्हणाला, "शेठ, आमच्या गावात हिलाच ब्राह्मी म्हणतात." आणि तो खोटे बोलत नव्हता. आमच्या मते या प्रकरणातील खरी अडचण हीच आहे. कोणी फसवले नाही, तरी व्यापारी बुडाला.

आमच्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळजण अत्तारी, पन्सारी, सुगंधी तेले आणि चटया-पडद्यांच्या धंद्यात आहेत. या धंद्यांतील बराचसा माल तळी, ओढे, भातखाचरे, खाडीकाठ अशा पाणथळ जागांतून येतो. तो दुकानात पोहोचतो तेव्हा सुकलेला आणि चुरलेला असतो आणि त्याला कोणीतरी दिलेले एक नाव चिकटलेले असते. जुन्या लोकांचे नाक आणि बोटे तरबेज होती. वडील पोत्यात हात घालून सांगत असत. आज मुलगा फक्त पोत्यावरची चिठ्ठी वाचतो. म्हणून आम्ही त्या अत्तार मित्रासोबत, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना घेऊन, पावसाळ्याच्या अखेरीस रायगड जिल्ह्यातील तळी आणि भातखाचरे पायाखाली घातली. तेथे जे पाहिले आणि समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ब्राह्मी कोणती?

सुरुवात अर्थातच ब्राह्मीपासून केली. भातखाचराच्या बांधाला दोन्ही वनस्पती हाताच्या अंतरावर मिळाल्या.

पहिली, जिला आयुर्वेदाच्या सरकारी औषधीकोशात ब्राह्मी म्हटले आहे, ती जलनीम किंवा नीरब्राह्मी. लॅटिन नाव बाकोपा मोनिएरी. ही चिखलावर पसरते. पाने लहान, जाडसर, मांसल, चमच्याच्या आकाराची, समोरासमोर जोडीने येणारी. पानाला देठ जवळजवळ नाहीच. कडा सरळ, दाते नाहीत. फूल पांढरे किंवा फिकट निळसर, पाच पाकळ्यांचे. पान चावले तर चांगलेच कडू लागते. जलनीम हे नाव त्या कडवटपणावरूनच पडले.

दुसरी मंडूकपर्णी, कोकणात कारिवणा. लॅटिन नाव सेंटेला एशियाटिका. हिचे पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बोथट दाते आणि खाली लांब देठ. जमिनीवर धावणाऱ्या बारीक वेलीच्या प्रत्येक गाठीवर मुळे फुटतात आणि तेथून पानांचा झुबका वर येतो.

दोन्ही आपल्या मातीतल्या आणि दोन्ही औषधी. परंतु त्या वेगळ्या कुळांतील आहेत आणि त्यांतील गुणकारी द्रव्येही वेगळी आहेत. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कारिवण्यालाच ब्राह्मी म्हणण्याचा रिवाज आहे. तेव्हा गिऱ्हाइकाला नेमकी कोणती हवी, हे आधी विचारून घेणे व्यापाऱ्याचे काम आहे. माल सुका असेल तर मूठभर पाण्यात भिजत घाला. पाने उलगडली की देठ आहे की नाही आणि कडेला दाते आहेत की नाहीत, हे दिसते. ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या तासात होते. आमच्या मित्राने त्या दिवशी बांधावर बसूनच सांगितले, "हे अर्ध्या तासाचे काम केले असते तर ते भाडे वाचले असते."

तालीमखाना आणि मखाना

तळ्याच्या काठाने पुढे गेलो तर कंबरेएवढी काटेरी झुडपे दिसली. गावकरी तिला कोळसुंदा म्हणतात. हीच युनानी दुकानातील तालीमखान्याची वनस्पती. लॅटिन नाव हायग्रोफिला ऑरिक्युलाटा. ओळख अगदी सोपी आहे. प्रत्येक पेऱ्यावर पिवळसर रंगाचे सहा टोकदार काटे असतात आणि त्यांच्या मध्ये जांभळट निळ्या फुलांचा गुच्छ. खोडावर राठ केस. पावसाळा संपताना फुलायला लागते आणि हिवाळ्यात बी तयार होते.

बी बारीक, चपटे आणि गडद तपकिरी असते. चिमूटभर तळहातावर घेऊन दोन थेंब पाणी टाकावे. क्षणात बी बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटते. जे भिजत नाही, चिकटत नाही, ते तालीमखाना नव्हे. मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण इसबगोलही भिजल्यावर बुळबुळीत होतो. इसबगोलाचे बी होडीच्या आकाराचे आणि गुलाबीसर करड्या रंगाचे असते. म्हणून रंग आणि आकार कोरडेपणी पाहावा, चिकटपणा नंतर तपासावा.

येथे नावाचा आणखी एक घोटाळा आहे. तालीमखान्याला तालमखाना असेही म्हणतात आणि त्यामुळे पुष्कळ गिऱ्हाइके तो मखान्याचाच प्रकार समजतात. दोहोंचा काडीचाही संबंध नाही. मखाना म्हणजे युरिआले फेरॉक्स या पाणवनस्पतीचे लाहीसारखे फुलवलेले बी. ती बिहारच्या मिथिला भागातील तळ्यांत पिकते आणि 'मिथिला मखाना' या नावाला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात मखान्याला सर्रास कमळाचे बी म्हणतात, तेही चूक आहे. कमळाचे बी म्हणजे कमळगट्टा. तो काळा आणि दगडासारखा कठीण असतो.

नीलोफर मागितले, कमळ दिले

युनानी औषधांत गुल-ए-नीलोफरला मोठे स्थान आहे. उन्हाळ्यात शरबत-ए-नीलोफरची मागणी असतेच. नीलोफर म्हणजे कुमुद, लॅटिनमध्ये निम्फिया. पण सुकलेल्या फुलांच्या पोत्यात कमळही खपून जाते, कारण सुकल्यावर दोन्ही फुले तपकिरी आणि चुरगळलेली दिसतात.

तळ्यात उभे राहिले तर चूक होण्याचे कारण नाही. कमळाचे पान पाण्याच्या वर उचललेले असते, पूर्ण गोल असते, देठ त्याच्या बरोबर मध्यभागी जोडलेला असतो आणि पाणी त्यावरून मोत्यासारखे घरंगळते. कुमुदाचे पान पाण्यावर सपाट तरंगते आणि त्याला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते.

सुक्या मालात पाहायचे ते फुलाच्या मधोमध. कमळाच्या फुलात शंकूच्या आकाराचा, वर सपाट आणि भोके असलेला गड्डा असतो. कुमुदात तसा गड्डा नसतो. पोत्यातून दहा फुले काढून उकलून पाहिली तर किती नीलोफर आणि किती कमळ याचा हिशेब समोर येतो.

मोथा, नागरमोथा आणि तीन कडांचा दांडा

युनानी दुकानात ज्याला सअद कूफी म्हणतात, तो मोथा. त्याच्या नावातच इराकमधील कूफा शहर आहे. आपल्याकडे या नावाखाली दोन भावंडे विकली जातात. एक साधा मोथा, सायपेरस रोटंडस. शेतकऱ्याला तण म्हणून नकोसा वाटतो तो हाच. दुसरा नागरमोथा, सायपेरस स्कॅरिओसस. तो अधिक ओलसर जागी वाढतो आणि अत्तराच्या धंद्यातील नागरमोथ्याचे तेल त्याच्या कंदांपासून निघते.

दोन्ही गवतासारखे दिसतात, पण ही गवते नव्हेत. ही लव्हाळ्याची जात आहे. ओळखायची खूण बोटांत आहे. दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवावा. लव्हाळ्याच्या दांड्याला बहुधा तीन कडा लागतात आणि आतून तो भरीव असतो. गवताचा दांडा गोल असतो, त्याला पेरे असतात आणि पेऱ्यांमध्ये तो बहुधा पोकळ असतो. अंधारातही जमेल अशी ही परीक्षा आहे. तेलासाठी माल घेणाऱ्यांनी मात्र गाठी फोडून वास घेतल्याशिवाय आणि जात विचारल्याशिवाय भाव ठरवू नये.

वाळा : वास मुळाला, पानाला नाही

वाळा किंवा खस हे खरे गवत आहे. लॅटिन नाव आता क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस, पूर्वी व्हेटिव्हेरिया म्हणत. नदीकाठच्या व दलदलीच्या जमिनीत याचे दाट, उंच बेट असते. पाने लांब, अरुंद, ताठ आणि कडेला खरखरीत. पानाला वास नाही. सगळा सुगंध मुळांत. गवती चहाचे नेमके उलटे : त्याचे पान सुगंधी. म्हणून पान चुरगळून वास आला तर ते खस नव्हे.

कनौजमध्ये तांब्याच्या देगांत खसाची मुळे उकळून रूह-ए-खस काढतात. तांब्यामुळे त्या तेलाला हिरवट झाक येते. उत्तरेकडे भरतपूर भागातील रानटी खस नामांकित आहे. तो फुलतो आणि बी धरतो. दक्षिणेकडे लागवड होते ती बहुधा बी न धरणाऱ्या जातीची. दोघांच्या तेलाच्या वासात फरक असतो. हे माहीत असलेला व्यापारी एकाच भावात दोन्ही घेणार नाही.

मुळे घेताना त्यांतील तेल आधीच काढून घेतलेले नाही ना, हे तपासावे. मुळाचा जुडगा किंचित ओला करून पाच मिनिटे झाकून ठेवावा. चांगला माल दरवळतो. काढून घेतलेल्या मुळांना मातीचा आणि पेंढ्याचा वास येतो.

वेखंड आणि पाणकणीस

वेखंड, युनानी वज, लॅटिन अकोरस कॅलॅमस. हिची तलवारीसारखी पाने पाहून नवखा माणूस पाणकणसाशी गल्लत करतो, कारण दोन्ही चिखलात उभी असतात. वेखंडाच्या पानाला उठून दिसणारी मधली शीर असते, कड कित्येकदा लहरी असते आणि पान चुरगळताच ओळखीचा वास येतो. पाणकणसाचे पान सपाट असते, त्याला मधली शीर नसते आणि वासही नाही. त्याच्या दांड्यावर तपकिरी, मखमली कणीस येते. ते एकदा पाहिले की विसरत नाही.

वेखंडाच्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे अमेरिकेने १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली आहे. निर्यातीचा विचार करणाऱ्यांनी माल औषधासाठी, सुगंधासाठी की खाण्यासाठी जाणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. कर्नाटकात तुमकूर भागात शेतकरी वेखंडाची भातासारखी पाण्यात लागवड करतात. रानातून मुळे उपटण्यापेक्षा अशा शेतकऱ्यांशी करार करणे व्यापाऱ्याला अधिक खात्रीचे आहे.

पाणकणीस कारागिरांच्या कामाचे आहे. काश्मीरमध्ये सरोवरांतील पाणकणसापासून 'वगू' नावाची चटई विणली जाते. तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातील पट्टमडई गावी लब्बई मुस्लिम कारागीर ताम्रपर्णी नदीकाठच्या कोराई लव्हाळ्यापासून चटया विणतात. त्या इतक्या मऊ असतात की कापडासारखी घडी घालता येते. लग्नाच्या चटईत वधूवरांची नावेही विणतात. त्या कारागिरांची कमाई दांडा निवडण्यापासून सुरू होते. कोणता लव्हाळा बारीक चिरला तरी तुटत नाही, हे त्यांच्या बोटांना कळते. आपल्याकडच्या तळ्यांवर तीन कडांचे लव्हाळे पुष्कळ आहेत. आपले किती कारागीर त्यांतील दोन जाती वेगळ्या सांगू शकतील?

देशी कोणते, परके कोणते?

पाण्यात हिरवे दिसते ते सगळे आपले नव्हे. जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. काठावरचे गुलाबी फुलांचे बेशरम हेही अमेरिकेतलेच. ही झाडे तळे व्यापतात, पाण्यावर सावली धरतात आणि खालच्या देशी वनस्पती गुदमरतात. ज्या तळ्यात जलपर्णी माजली त्या तळ्यातून कुमुद कमी होते, आणि पुढच्या हंगामात नीलोफरचा भाव चढतो. जलपर्णीच्या वाळलेल्या देठांपासून टोपल्या, पिशव्या बनवतात. तो धंदा जरूर करावा, पण त्यासाठी ती कोणत्याही तळ्यात मुद्दाम सोडू नये.

माल कोणत्या पाण्यातला?

ओळख बरोबर झाली तरी एक प्रश्न उरतो. पाणथळ वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेतात आणि ब्राह्मी यात पुढे आहे. शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यावर ती हिरवीगार, टवटवीत वाढते. दिसायला तो माल उत्तम असतो, पण प्रयोगशाळेत नापास होतो. आयुर्वेद, सिद्ध व युनानी वनौषधींच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची आहे. मर्यादा दर दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग इतकी आहे. निर्यातीचे सोडा, आपल्या गल्लीतील मूल ते औषध घेणार असेल तरी प्रश्न तोच आहे. म्हणून गोळा करणाऱ्याला नाव विचारता तसे तळ्याचेही नाव विचारा.

कायद्याचेही भान हवे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरले. २०२० साली लोणार आणि २०२२ साली ठाणे खाडी या यादीत आली. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्यही आहे. अशा ठिकाणाहून मुळे खणून आणलेला माल घेणे म्हणजे संकट विकत घेणे. इतरत्रही रानातला माल व्यापारासाठी उचलायचा असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्यातील २०२३ ची सुधारणा लागू होते. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे आधी चौकशी करावी.

व्यापाऱ्याने काय करावे?

आम्ही त्या फेरीवरून परतलो तेव्हा आमच्या मित्राने दुकानात चार नियम लावून घेतले. ते इतरांनाही उपयोगी पडतील असे वाटते.

पहिला : खरेदीच्या बिलावर आणि पोत्यावर बाजारी नावासोबत लॅटिन नाव लिहून घ्यायचे. 'ब्राह्मी' एवढेच लिहिलेले बिल तंट्याच्या वेळी कामाला येत नाही. 'बाकोपा मोनिएरी' लिहिलेले येते.

दुसरा : प्रत्येक मालाचा खरा नमुना बरणीत ठेवायचा. शक्य असेल तर फूल, पान आणि मूळ यांसह वनस्पती वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, तारीख आणि जागा लिहून ठेवायची. नवे पोते आले की नमुन्याशी ताडून पाहायचे.

तिसरा : शंका आली तर जाणकाराला दाखवायचे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय आहे. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही मदत करतात. फूल असलेला नमुना न्यावा. नुसत्या चुऱ्यावरून कोणालाही सांगणे कठीण जाते.

चौथा : वर्षातून एकदा, पावसाळा संपताना, गोळा करणाऱ्यासोबत स्वतः तळ्यावर जायचे आणि मुलाला सोबत न्यायचे. बहुतेक पाणवनस्पतींना तेव्हा फुले असतात आणि ओळख पक्की होते.

या चौथ्या नियमाला जुना आधार आहे. स्पेनमधील मालागाचा इब्न अल्-बैतार, ज्याचा १२४८ साली दमास्कस येथे इंतकाल झाला, तो आपल्या काळातील औषधी वनस्पतींचा सर्वांत मोठा जाणकार. त्याच्या ग्रंथात सुमारे १४०० औषधी द्रव्यांची नोंद आहे. तो स्पेनहून निघून उत्तर आफ्रिका, आशिया मायनर आणि सीरियात हिंडला, तेथे वनस्पती स्वतः पाहिल्या आणि एकाच वस्तूची निरनिराळ्या भाषांतील नावे एकत्र नोंदवली. नाव गावागणिक बदलते, वनस्पती बदलत नाही, हे त्याला ठाऊक होते. अत्तारीच्या दुकानाचे भांडवल आजही हेच ज्ञान आहे.

आमच्या मित्राने कारखान्याला पुन्हा पत्र लिहिले, चूक कबूल केली आणि यावेळी भिजवून तपासलेल्या बाकोपाचा नमुना लॅटिन नावासह पाठवला. मोठी मागणी अद्याप आलेली नाही. एका पोत्याची आली आहे. ते पोते भरताना त्यांनी आपल्या धाकट्या मुलाला शेजारी बसवले आणि पाण्याचा वाडगा त्याच्या हातात दिला.